दुग्धमाधुरी खाऊ नये

कळस, ता. इंदापूर
दि. १९ मे

श्रीमान रामतात्या यांस,

गेणू गुरुजींचा उभ्यानंच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण डावा गुडघा अजून वाकत नाही, आणि व्याह्याला कागदावरसुद्धा खोटा नमस्कार घालू नये असं आमच्या आईचं म्हणणं होतं.) आपली तब्येत कशी आहे? दाढ काढली की तशीच ठेवली? विहीणबाईंच्या कंबरेला त्या तेलानं उतार पडला का? कोऱ्हाळ्याला कॅनॉलचं पाणी वेळेवर आलं असं ऐकलं, बरं वाटलं. इकडे मी, म्हाळसा, चिरंजीव यशराज, तीन शेळ्या आणि एक करडू असे सात जीव खुशाल आहोत. आठवा जीव आपल्याकडे आहे. प्रतिक्षा 'चार दिवस जाऊन येते' म्हणून गेली त्याला आज अकरावा दिवस. मी मोजत नाही. म्हाळसा मोजते आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

झाला प्रकार तिनं आपल्या कानावर घातलाच असेल. पण आपली लेक मोजकं बोलणारी. 'लग्नात जरा गोंधळ झाला' एवढं सांगून ती भाकरी थापायला बसली असणार. त्या गोंधळाला एक वाक्य पुरत नाही. शिवाय त्यात दोष कुणाचा, हे तिनं सांगितलं नसेल. ते मीच सांगावं म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याला माहीतच आहे की प्रतिक्षानं बारामतीला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन गावातल्या नऊ बायकांचा गट केला आणि आमच्या शेळ्यांच्या दुधाचा साबण सुरू केला. (माझे वडील दोनशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जात, त्यांनी उभ्या आयुष्यात साबण लावला नाही. त्यांच्या घरात आता साबणाचा कारखाना. असो.) शेळीच्या दुधाला एक वास असतो, तो मारायला ती वेलची घालायची. रंगाला चिमूटभर केशर. बदामाचं तेल. साचे महाग पडतात म्हणून म्हाळसानं आपली वड्यांची थाळी दिली होती. त्यात तो साबण थापायचा, घट्ट झाला की सुरीनं शंकरपाळ्याच्या आकारात कापायचा, मग दीड महिना चाळणीवर वाळवायचा. कापायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझ्या रेघा सरळ येतात. एकदा शेजारची मांजर त्या चाळणीभोवती दोन तास फिरली आणि शेवटी शिंकून गेली. मांजराला कळलं होतं, तात्या. पुढं ज्यांना कळलं नाही, त्यांच्यावर मात्र मी हसणार नाही, कारण त्यांनी लेबल वाचलं होतं, मांजरानं वाचलं नव्हतं.

लेबल मी लिहिलं. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाच्या घरात लेबल दुसऱ्या कुणी लिहावं, हे मला पटेना. प्रतिक्षानं आधी एक कच्चं लिहून आणलं होतं. 'शेळीच्या दुधाचा साबण' आणि खाली दुसरी ओळ, 'खाण्यासाठी नाही.' मला हसू आलं. गटाच्या नऊही बायका पडवीत बसल्या होत्या. मी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि ती दुसरी ओळ खोडून बायकांना एक व्याख्यान दिलं. आजकाल वस्तूंवर काय काय लिहितात, बघा म्हटलं. इस्त्रीच्या खोक्यावर लिहितात, अंगावरच्या कपड्याला इस्त्री करू नये. मिक्सरवर लिहितात, चालू असताना आत हात घालू नये. नव्या चपलेच्या खोक्यात एक पुडी निघते, तिच्यावर लिहितात, हे खाऊ नये. चप्पल आणून पुडी खाणारा माणूस कुणी पाहिलाय का? ही गिऱ्हाइकाची बेअब्रू आहे. आपलं गिऱ्हाईक शहाणं आहे असं धरून चालावं. तीन तालुक्यांत साबण खाणारा माणूस मला एक दाखवा, म्हटलं, मी त्याला पेढे देईन.

बायका हसल्या. प्रतिक्षा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "आबा, वास लय चांगला येतो, म्हणून म्हणलं." मी तिला सांगितलं की वास चांगला येणं हा साबणाचा गुण आहे, दोष नव्हे. तिनं कागद घेतला आणि आत गेली.

'साबण' हा शब्दही मला रुक्ष वाटला. त्यात लय नाही. म्हणून मी वस्तूचं नाव ठेवलं 'दुग्धमाधुरी', आणि खाली लिहिलं: 'शेळीचे ताजे दूध, अस्सल केशर, वेलची व बदाम. माउलीच्या मायेने थापलेली. अंगी लागेल अशी. एकदा घ्याल, पुन्हा मागाल.' 'अंगी लागेल' यावर मी दोन दिवस घालवले होते. श्लेष साधला म्हणून स्वतःवरच खूष होतो. साबण हा शब्द डब्याच्या बुडाला बारीक अक्षरात टाकला, कायद्यापुरता.

पुढं बारामतीच्या महिला गटांच्या प्रदर्शनात माळेगावचे दादासाहेब आले. त्यांनी डबा हुंगला आणि लेकीच्या लग्नाला चारशे डब्यांची ऑर्डर दिली, डब्यात दोन-दोन नग. जाताना पाहुण्यांना पानसुपारीबरोबर एकेक डबा हातात द्यायचा, अशी योजना. गटाची ही पहिली मोठी ऑर्डर. त्या बायकांनी दोन महिने जीव ओतला, तात्या. डब्यांना गोंडे बांधून बांधून बोटांना चिरा पडल्या. ही ऑर्डर नीट पार पडली तर दादासाहेब पुढं चार लोकांना सांगणार होते.

लग्न मोठं होतं. इंदापूर रस्त्याला नवं कार्यालय झालंय, तिथं. आम्ही सकाळीच डबे पोचवले. बाहेर मांडवात ऊन फार, डबे घाम धरतील, म्हणून प्रतिक्षानं खोकी आतल्या गार खोलीत ठेवायला सांगितली. ती गार खोली स्वयंपाकघराला लागून होती. जिलबीचे टोपही तिथंच होते. आता वाढप्यांच्या मुकादमानं काय करावं? त्यानं एक डबा उघडला, वास घेतला आणि लेबल वाचलं. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. माझ्या सबंध नोकरीत इतकं मन लावून वाचणारे विद्यार्थी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. त्यानं आपल्या माणसांना सांगितलं की ही भारी मिठाई आहे, मानाच्या पंगतीला ताटात एकेक वाढा.

मानाची पंगत म्हणजे वरपक्षाची. सत्तरेक पानं. दादासाहेबांनी मला 'गुरुजी, तुमी बी बसा' म्हणून नवऱ्या मुलाच्या वडिलांशेजारी बसवलं होतं. मसालेभात आला, वांग्याची भाजी आली, जिलबी आली, आणि जिलबीच्या शेजारी एक पिवळसर शंकरपाळं येऊन पडलं. मी कापलेलं. रेघ सरळ होती. मी ते ओळखलं आणि उठलो.

उठून सरळ ओरडावं, हे मला सुचलं नाही. मानाच्या पंगतीत 'साबण आहे' असं ओरडणं सभ्यपणाचं नव्हे. म्हणून मी स्टेजकडे धावलो. तिथं माईक सर्जेराव नावाच्या निवेदकाच्या हातात होता. आपल्याकडची लग्नं आपण जाणताच. अक्षता पडून तास झाला होता, तरी मान्यवरांची नावं संपलेली नव्हती. सर्जेराव एकेका नावापुढं पदं लावून वाचत होते, पुढाऱ्यांचे कार्यकर्ते चिठ्ठ्या आणून देत होते आणि त्यांच्या डाव्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला होता. मी त्यांच्या कानाशी लागलो. त्यांनी माझ्याकडे न बघता बोटानं खूण केली की चिठ्ठी द्या. मी खिशातल्या पत्रिकेच्या पाठीवर घाईघाईनं लिहिलं, 'साबण आहे. खाऊ नये.' त्यांनी ती घेतली आणि गठ्ठ्याच्या खाली सरकवली. वशिला नसलेल्या चिठ्ठीची जागा तीच. मी तिथं उभा, माझ्या चिठ्ठीच्या वर दोन सरपंच, एक माजी सभापती आणि दूध संस्थेचं सगळं संचालक मंडळ. तिकडे पंगतीत मठ्ठा आला.

पंगतीचं दृश्य मला स्टेजवरून स्वच्छ दिसत होतं. लोक खात होते, तात्या. कुणीही थुंकलं नाही. पहिल्या घासाला चेहरा जरा बदलायचा, मग माणूस डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, शेजारचा खातोय असं दिसलं की पुढं चावायचा. शेजारचाही तेच करत होता. पाहुण्याच्या घरचं अन्न, मुलीच्या बापानं हौसेनं केलेलं, त्याला नाव कोण ठेवणार? बहुतेकांचा असा समज झाला असावा की ही शहरातली नवी मिठाई आहे आणि तिची चव कळायला शिक्षण लागतं. मठ्ठ्याबरोबर काहींच्या मिशांना फेस आला. तो त्यांनी मठ्ठ्याचाच धरला.

शेवटी माझी चिठ्ठी वर आली. माझं अक्षर घाईत बिघडलं होतं, आणि सर्जेरावांना चिठ्ठी म्हणजे मान्यवर एवढंच ठाऊक. त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं की आपल्यामध्ये साबणे साहेब आलेले आहेत, त्यांनी स्टेजवर यावं. मी कपाळाला हात लावेपर्यंत मांडवाच्या मागल्या बाजूनं साबणे आडनावाचे एक गृहस्थ खरोखर उठले. बिचारे गेली वीस वर्षं लग्नांना जात असतील आणि पहिल्यांदाच कुणीतरी नाव घेतलं असेल. धोतर सावरत आले, फेटा बांधून घेतला, श्रीफळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा फेटा बांधून होईतो पंगत दुसरी वडी मागू लागली होती.

उलगडा केला तो नवऱ्या मुलाच्या आजीनं, गोजरबाईंनी. त्या ऐंशीच्या पुढं, दात नाहीत, म्हणून त्यांनी वडी चावली नाही, तोंडात घोळली. मग बाहेर काढून उलटसुलट पाहिली, नाकाला लावली, काठी टेकत हात धुवायच्या नळावर गेल्या आणि तीच वडी हाताला चोळली. फेस कोपरापर्यंत आला. त्या तिथूनच शांतपणे म्हणाल्या, "ह्यो साबन हाय." सबंध मांडवात वडी नीट पारखली ती या बाईंनी, आणि त्यांना अक्षरओळख नाही.

मग जी शांतता झाली ती मी शाळेत कधी राखू शकलो नव्हतो. सर्जेरावसुद्धा थांबले. दादासाहेबांच्या तोंडचा रंग गेला. वरपक्षाचे दोन तरुण उठून उभे राहिले, त्यातला एक म्हणाला की आमच्या म्हाताऱ्या माणसांना साबण खायला घालता व्हय. मुलीची पाठवणी अजून व्हायची होती. दिपाली, म्हणजे नवरी, स्टेजवर होती, तिनं आईचा हात घट्ट धरलेला मला दिसला. अशा गोष्टी लेकीला सासरी जन्मभर ऐकाव्या लागतात, हे आपण दोघेही लेकी-सुनांचे बाप जाणतो.

नेमकं त्या वेळी बोलायचं काम माझं होतं. लेबल माझं होतं. मी स्टेजच्या पायरीवर उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. छत्तीस वर्षं वर्गात एकदाही असं झालं नव्हतं. तेवढ्यात आपली प्रतिक्षा आतून आली. पदर खोचलेला होता. ती सरळ नवऱ्या मुलाच्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ह्यो आमच्या गटाचा साबन हाय. दादासाहेबांची ह्यात कायबी चूक न्हाय. खाऊ नका म्हणून डब्यावर लिवायला पायजे व्हतं, त्ये मी लिवलं न्हाय. चूक माझी हाय."

माझी हाय, म्हणाली. माझ्यापासून ती चार पावलांवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तेव्हाही गप्प होतो, तात्या. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला आहे.

नंतर तिनं सगळ्यांना पाण्याचे तांबे फिरवले. वरपक्षात एक डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं की एवढ्याशानं काही होत नाही, भरपूर पाणी प्या, फार तर एकदोनदा जावं लागेल. (त्यांनी स्वतः एक खाल्ली होती, त्यामुळे दिलासा मनापासून दिला.) नवऱ्या मुलाच्या वडिलांनी ताटातला उरलेला तुकडा उचलून हुंगला. मग त्यांनी विचारलं, "पोरी, अंगाला लावल्यावर बी असाच वास येतो का?" ती म्हणाली येतो. त्यांनी गोजरबाईंकडे पाहिलं. त्या अजून नळापाशीच उभ्या होत्या आणि दुसरा हात धूत होत्या. म्हातारीला आवडलाय म्हणाले, दोन डबे बाजूला काढा. उभे राहिलेले तरुण बसले. दिपाली वेळेवर सासरी गेली. पाठवणीला ती आईच्या आधी प्रतिक्षाच्या गळ्यात पडली.

घरी येताना प्रतिक्षा जीपमध्ये काही बोलली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल, 'तरी मी सांगत होते.' ती म्हणाली असती तर मी चार उदाहरणं देऊन वाद घातला असता आणि मोकळा झालो असतो. तिनं दुसऱ्या दिवशी शेळ्यांचं वैरणपाणी केलं, म्हाळसाला सांगितलं आणि कोऱ्हाळ्याची गाडी धरली.

त्यानंतर मी एकट्यानं बराच विचार केला. सूचना मूर्खांसाठी असते, असं मी धरून चाललो होतो. त्या पंगतीत एकही मूर्ख नव्हता. पाच गावांची पंचायत चालवणारी माणसं होती ती. पुढ्यात आलेलं विश्वासानं खाल्लं, एवढंच. आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहायचो, 'खोडरबर नाकात घालू नये.' तपासणीला आलेले साहेब हसायचे. मला ते वाक्य हसण्यासारखं कधी वाटलं नाही, कारण मी एका वर्षी इंद्रजित नावाच्या पोराला सायकलवर पुढं बसवून नाकातल्या रबरासकट इंदापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. चपलेच्या खोक्यातली ती पुडीसुद्धा कुणाच्या तरी पोरानं चघळली असणार, म्हणून त्यावर ते छापलंय. दुसऱ्याच्या इंद्रजितला मी हसत होतो.

तेव्हा आता मी नवं लेबल लिहिलं आहे, सोबत जोडतो. 'हा साबण आहे. ही वडी नाही, बर्फी नाही, प्रसाद नाही. खाऊ नये. चाटू नये. दात नसले तरी तोंडात धरू नये. वाढप्यांनी ताटात वाढू नये. मान्यवरांनीही खाऊ नये. शेजारचा खात असला तरी खाऊ नये. मांजर शिंकल्यास ते मनावर घ्यावे.' अशा एकंदर एकोणीस ओळी झाल्या. कागद साबणाला तीन वेळा गुंडाळून वर उरतो. म्हाळसानं पाहिलं आणि विचारलं की आता कागदानं आंघोळ करायची का. तिला मुद्दा कळलेला नाही.

विहीणबाईंना नमस्कार. थोरांस दंडवत, लहानांस आशीर्वाद, आणि घरात कुणाला डब्यावरचं वाचायची सवय असेल तर त्यांचं विशेष कौतुक.

आपला,
गेणू गुरुजी

ता. क. हे पत्र वाचून झालं की प्रतिक्षाच्या हातात द्यावं. वाचून दाखवू नये, तिला स्वतः वाचू द्यावं. 'माझी हाय, म्हणाली' या परिच्छेदाशी मी पान दुमडून ठेवलं आहे. मी तीनदा फोन केला होता, पण तिन्ही वेळा मी करडाच्या खोकल्याबद्दल बोललो आणि ठेवून दिला. करडाला खोकला नाही.

ता. क. २. मुख्य काम लिहायचं राहिलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी त्यांच्याकडच्या पूजेसाठी दोनशे डबे सांगितले आहेत. गटाच्या बायका परवा घरी येऊन गेल्या. माझं एकोणीस ओळींचं लेबल त्यांनी वाचायलासुद्धा घेतलं नाही. 'प्रतिक्षा सांगंल त्ये लावू' म्हणाल्या. तेव्हा तिला सांगावं की पाकिटात लाल पेन घातलं आहे. तिनं हवं ते खोडावं, सगळं खोडलं तरी चालेल. आणि कुठल्या गाडीनं येणार ते कळवावं, मी फाट्यावर उभा राहीन.

ता. क. ३. हा कागद वेगळा आहे, तो प्रतिक्षाला देऊ नये. मी वर लिहिलं की वडी ओळखली आणि उठलो. ओळखली हे खरं. पण उठायच्या आधी शेजारून नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "गुरुजी, घ्या की, लाजू नका," आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाशी धरली. मीच कापलेली, मीच नाव ठेवलेली. दादासाहेबांचा व्याही, भरल्या पंगतीत, हात मागं कसा सारायचा? मी ती पूर्ण खाल्ली. छान आहे, म्हटलं. म्हणून त्यांनी दुसरी दिली. तीही खाल्ली. उठायला उशीर झाला तो त्यामुळे.

वेलची थोडी जास्त होते, एवढं मात्र तिला आपल्या तोंडून सांगावं.